कोमट आहे तोवर या

ओळखलंत का मला, मित्रांनो? बेसिनच्या वरच्या फळीवर झाकण उघडं टाकून बसलेला मी एक जुना वॉटर फ्लॉसर. पाण्याची बारीक धार मारून दातांच्या फटीत अडकलेलं अन्न काढायचं, एवढंच माझं काम. आता तेही होत नाही. माझ्या पोटात आज थेंबभर पाणी नाही. हे कोरडेपण मला कसं आलं, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी हळूहळू पुढे आलो. कुणी माझ्या पोटात मोटार बसवली, कुणी वेटोळ्याची नळी जोडली, कुणी टाकीच्या बुडाला रबरी झडप लावली. शेवटी एका बाईने मला पाणी भरून चालू केलं. धार थेट तिच्या चष्म्यावर गेली, तशी ती हसून म्हणाली, "भलताच अवखळ आहे हा!" आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. मग खोक्यातला अंधार, गाडीचे हिसके, दुकानातली फळी, आणि एके दिवशी हे घर.

या घरात दोघंच राहत होती. मास्तर एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. दुसरी त्यांची बायको, म्हणून गल्लीतले सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. मास्तरांचे पुढचे दोन दात पडले होते आणि शेजारच्या दातांच्या आधाराने तिथे नकली दातांचा ब्रिज बसवला होता. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा सगळा जोर ओठांवर, आणि ओठांमागे त्या दातांवर. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ब्रिजच्या खाली ब्रश पोचत नाही. हे मशीन रोज वापरा. तिथली हिरडी सुजली तर आधाराचा दात जाईल, आणि दात गेला तर वाजवणं गेलं."

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला तोंडात धरण्याआधीच बटण दाबलं. आरसा, भिंत, टॉवेल, सगळी ओली.

"अहो, आधी तोंडात, मग बटण!"

"मला शिकवतेस? उभा जन्म तोंडाने वाजवण्यात गेला माझा."

"मग हेही वाजवा की. पण आरशाला कशाला ऐकवताय?"

त्या दिवसापासून तिने माझं नाव कारंजेराव ठेवलं.

मित्रांनो, कितीतरी घरांत माझी भावंडं आहेत. काम झालं की लोक त्यांना तसंच सोडून निघून जातात. मला मात्र मास्तरीणबाईंचा हात लाभला. त्याचं कारण ट्रम्पेट होता. वाजवताना फुंकेची वाफ नळीत जमून पाणी होतं. म्हणून मास्तर रियाज संपला की ट्रम्पेटची छोटी कळ दाबून ते पाणी फुंकून काढायचे, जुन्या फडक्यावर. कितीही दमलेले असोत, त्याशिवाय ट्रम्पेट पेटीत जायचा नाही. "पाणी साचलं की पितळ आतून सडतं," असं ते म्हणायचे. मास्तरीणबाईंनी ते बघितलं होतं. "मग याचंही तेच," ती म्हणाली आणि मला तिने तसंच सांभाळलं.

दुपारचं जेवण झालं की ती टाकीत कोमट पाणी भरायची. गार पाण्याने मास्तरांच्या हिरड्या ठणकायच्या. मग हाक मारायची, "अहो, कोमट आहे तोवर या." त्यांचं झालं की उरलेलं पाणी ओतायची, मला क्षणभर रिकामं चालवून नळीतला शेवटचा थेंबही बाहेर काढायची, टाकी पुसून पालथी घालायची आणि झाकण उघडं ठेवायची. आणि हे सगळं गुणगुणत. ओळी तिच्याच होत्या:

भरू बाई, भरू बाई, रिती करू टाकी,
थेंब नको मागं राहू, थेंब नको बाकी.

आमच्याकडचं पाणी क्षाराचं. भांड्यांवर पांढरे डाग धरायचे, तसेच माझ्या नळीतही. म्हणून अधूनमधून ती कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळायची. अर्धं पाणी माझ्यातून सोडायची, मग मला थोडा वेळ तसाच भिजत ठेवायची, मग उरलेलं सोडायची, आणि शेवटी साध्या पाण्याने खळखळून धुवायची. हातात धरायच्या माझ्या मुठीच्या टोकाची बारीक नळी झिजली की नवी बसवायची.

"चला कारंजेराव, आंबट आंघोळ!"

मास्तर बाहेरून ओरडायचे, "या वासाने माझा सूर नासेल!"

"सूर नासतो दातांनी. नाक धरा आणि वाजवा."

किती लाड होते माझे! मला वाटायचं, हे असंच चालणार.

एका दुपारी तिने टाकी भरली, बोट बुडवून पाणी पाहिलं, माझं झाकण लावलं. आतल्या खोलीत मास्तर एक नवी धून बसवत होते. एक ओळ पुन्हापुन्हा अडकत होती.

"अहो, कोमट आहे तोवर या."

"आलो, आलो. एवढी ओळ होऊ दे."

ती गाणं म्हणत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने काहीतरी पडल्याचा आवाज आला. ट्रम्पेट मध्येच थांबला. मग धावपळ, शेजाऱ्यांचे आवाज, दारात गाडी. मास्तरीणबाई त्या गाडीतून गेली, ती घरी परत आली नाही.

माझ्या टाकीतलं पाणी कोमटाचं गार झालं.

पुढे घर माणसांनी भरलं आणि रिकामंही झालं. दूर राहणारी लेक आली, राहिली, रडून रडून परत गेली. मग एका सकाळी मास्तर बेसिनपाशी आले. त्यांनी माझी मूठ उचलली. बटणावर बोट ठेवलं. टाकीतल्या पाण्याकडे बघितलं, आणि मूठ अलगद जागेवर ठेवून दिली. मला वाटलं, उद्या वापरतील. दुसऱ्या दिवशीही त्यांनी नुसतं पाहिलं. झाकणावर हात ठेवला, जसा झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात. तेव्हा मला कळलं. हे पाणी तिने भरलेलं शेवटचं पाणी होतं. ते वापरलं असतं तर संपलं असतं.

मित्रांनो, ज्यांनी जन्मभर ट्रम्पेटमध्ये थेंब राहू दिला नाही, त्यांनी माझ्यात ते पाणी राखून ठेवलं.

पाण्याला काय ठाऊक कोणी भरलं ते! त्यावर आधी तवंग आला. मग टाकीच्या कडांना गुलाबी बुळबुळ धरली. झडपेचं रबर चिकटलं. वास सुटला, तर मास्तरांनी खिडकी उघडी ठेवली, पण टाकी उचलली नाही. क्षार माझ्या नळीत घट्ट बसत होता आणि तिकडे मास्तरांच्या ब्रिजखाली अन्न बसत होतं. ते चूळ भरायचे तेव्हा बेसिनमध्ये लाल रेघ उतरायची. माझ्यावरून त्यांची नजर फिरायची, पण हात माझ्याकडे यायचा नाही. मला तोंड असून बोलता येत नव्हतं. नाहीतर सांगितलं असतं, "मास्तर, ओता हो. ती असती तर केव्हाच ओतलं असतं."

आतल्या खोलीतला ट्रम्पेटही बदलला. वरचा सूर लागायचा आणि थरथरून सुटायचा. मग मास्तर थांबायचे. मग वाजवायचेच थांबले.

बँडमधल्या कुणीतरी लेकीला कळवलं असावं. ती आली, बापाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, आणि परतली ती चपला काढता काढता बोलतच. "आधाराचा दात हलतोय म्हणाल्या. मशीन घरात असून वापरत का नाही, विचारत होत्या. तुम्ही तिथे गप्प का बसलात, बाबा?"

ती तरातरा माझ्याकडे आली. झाकण उचललं. "शी! हे काय करून ठेवलंय?" तिने टाकी काढली आणि बेसिनमध्ये पालथी केली.

पाणी गेलं. गुरगुरत, भोवरा घेत गेलं.

मास्तर दारात पोचले तेव्हा टाकी रिकामी होती.

"ओतलंस?"

"मग काय करू? शेवाळ धरलंय त्यात!"

"तिने भरलं होतं."

लेकीचा हात नळावर होता. तो तिथेच राहिला.

"त्या दुपारी भरलं होतं," मास्तर म्हणाले. "मला बोलावलं होतं. मी म्हणालो, आलो. एवढी ओळ होऊ दे म्हणालो." ते दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले. "गेलोच नाही गं मी."

लेक त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली. माझी रिकामी टाकी तिच्या मांडीवर होती. टाकीच्या कडेवरून बोट फिरवत तिने विचारलं, "धुऊ का मी, आई धुवायची तसं?" त्यांनी मान हलवली.

तिने मला घासलं, व्हिनेगरच्या पाण्याने भरलं, भिजत ठेवलं. घासताना तिच्या तोंडून आपसूक आलं, "भरू बाई, भरू बाई, रिती करू टाकी..." पुढची ओळ तिला धड म्हणवेना. ती मास्तरांनी पुरी केली, फुटक्या आवाजात, "थेंब नको मागं राहू, थेंब नको बाकी."

मग तिने बटण दाबलं. मित्रांनो, मी जिवाचं रान केलं. घरघरलो, थरथरलो, एक धार यावी म्हणून सगळं बळ लावलं. पण आतून मी गच्च झालो होतो. मोटार एकदा कण्हली आणि थांबली ती कायमची.

मास्तरांचा दातही गेला, आणि त्याच्याबरोबर ब्रिज. उरलेल्या दातांसाठी माझ्या जागी नवा फ्लॉसर आला. मला फेकू नका, असं लेकीनेच सांगितलं. म्हणून मी या फळीवर आहे, टाकी पुसलेली, झाकण उघडं, ती ठेवायची अगदी तसा.

मास्तर आता वाजवत नाहीत. पण दुपारी पेटी उघडून ट्रम्पेट पुसतात, आणि ती छोटी कळ दाबतात. थेंबही पडत नाही. मग ते उठतात, नव्याच्या टाकीत कोमट पाणी भरतात आणि कुणी हाक मारलेली नसताना म्हणतात, "आलो गं."

आणि लगेच येतात. काम झालं की ते पाणी ओततात, टाकी पुसून पालथी घालतात, झाकण उघडं ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल, तर त्याच्या पोटात पाणी साचू देऊ नका. काम झालं की त्याला रिकामं करा, वाळू द्या, मधूनमधून आंबट आंघोळ घाला. एवढ्यावर ते तुमची पुष्कळ वर्षं सेवा करील. आणि घरातल्या कुणी कोमट पाणी भरून तुम्हाला हाक मारली, तर हातातली ओळ अर्धी टाकून उठा. ओळ थांबेल. पाणी गार होतं.