भिंतीला सामना दाखवणारा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. मागे मोठं कुबड असलेला, उचलायला दोन माणसं लागणारा. माझी कहाणी सांगण्याआधी एक खुलासा करून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. बेसबॉलच्या मैदानावर चेंडू टाकणारा मी नव्हे आणि झेल सोडणाराही मी नव्हे. लांब कुठे जे घडतं ते फक्त काचेवर उमटवायचं, एवढंच माझं काम. ही साधी गोष्ट मी ज्यांच्यात राहिलो त्यांना कधीच पटली नाही. त्यांच्या मते हरलेला प्रत्येक सामना मी हरवला होता.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या. शेवटी एका मुलीने माझी काच पुसली, तिच्यात स्वतःला न्याहाळलं आणि कपाळावरचे केस सारखे केले. माझ्यात दिसलेला पहिला चेहरा तो. तेव्हा मला वाटलं होतं, माणसं आपल्याकडे अशीच कौतुकाने बघत राहणार.

मला विकत घेतलं तोकुजी नावाच्या माणसाने. सेतो समुद्राच्या काठी, जहाजांच्या गोदीला लागून, त्याचं ओकोनोमियाकीचं छोटं दुकान होतं. भलामोठा लोखंडी तवा, त्याच्याभोवती बसायला स्टुलं, आणि तव्यामागे कालथा घेऊन उभी असलेली त्याची बायको, शिझुए. पातळ धिरडं पसरायचं, वर कोबीचा डोंगर रचायचा, डुकराच्या मांसाच्या पट्ट्या टाकायच्या, मग सगळं एका झटक्यात उलटून नूडल्सवर आणि अंड्यावर बसवायचं. तिच्या हातून कोबीचा तुकडा कधी बाहेर सांडला नाही. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत. बिअरच्या फ्रिजच्या वर एक फळी ठोकून तिथे मला बसवलं.

मी आलो त्याच वर्षी आमच्या किनाऱ्याचा संघ, हिरव्या टोपीवाले, अजिंक्य ठरला. मग काय विचारता! गोदीतले कामगार मला हात लावून नमस्कार करू लागले. तोकुजीने माझ्या डोक्यावर बशीभर साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवली. त्यातली थोडी आत झिरपली आणि तेव्हापासून माझा हिरवा रंग जरा जास्तच हिरवा दिसू लागला. त्यालाही लोक शुभशकुन म्हणाले.

पुढे संघ पुन्हा कधी अजिंक्य ठरला नाही. माणसांचा हिशेब कसा असतो पहा. विजय झाला तर तो खेळाडूंचा, प्रशिक्षकाचा, काकूच्या सॉसचा. पराभव झाला तर तो माझ्या नावावर. कुणी मला थापट मारे, कुणी ओलं फडकं फेकी. टॅक्सी चालवणारा ओकुबो, तोकुजीचा शाळासोबती, रोज संध्याकाळी ठरल्या स्टुलावर बसून मला म्हणायचा, की अरे डबड्या, एकदा तरी दुसऱ्यांच्या हातून झेल सुटताना दाखव. तोकुजी वारल्यावर काकू एकटीच दुकान चालवू लागली, आणि ओकुबोने शेजारचं स्टूलही आपलंच असल्यासारखं त्यावर कोट ठेवायला सुरुवात केली. तिथे तोकुजी बसायचा. कोट असला की दुसरं कुणी बसत नसे.

काकूचे स्वतःचे काही नियम होते. समोरच्या संघाचा माणूस तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी व्हायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यावर, उभा असेल, तर ती तव्यावरचं काहीही उलटत नसे. उलटलं की सामना उलटतो, अशी तिची खात्री. अशा वेळी कोबी करपायचा, गिऱ्हाइकं भुकेली बसायची, पण एकाही माणसाने कधी तक्रार केली नाही. मी वरून बघत असायचो. तिसऱ्या बेसवरचा माणूस कित्येकदा आरामात धाव काढून जायचा. काकू करपलेला थर खरवडून काढायची, नवीन धिरडं घालायची, आणि नियम तसाच राहायचा.

एका वसंतात इसोबे दुकानात आला. टेकडीपलीकडे संघाच्या नवशिक्यांचं वसतिगृह होतं, तिथला हा गोलंदाज. दूरच्या बेटावरचा, लांब हातांचा, बोलायला लाजणारा. दुप्पट नूडल्स मागायचा आणि मान खाली घालून संपवायचा. काकूने पहिल्याच आठवड्यात विचारायचं सोडून दिलं आणि तिप्पट वाढायला लागली. तीन हंगाम तो असा जेवला. मग मोठ्या संघात त्याला बोलावणं आलं, आणि पूर्वी समोर बसून मला बघणारा तो मुलगा माझ्या काचेवर दिसू लागला.

इथून माझे खरे हाल सुरू झाले. काकू बघत असली की इसोबेच्या चेंडूंना मार बसतो, असं तिला वाटू लागलं. प्रथम ती तव्याकडे तोंड करून उभी राहायची. त्याने भागेना, तेव्हा ओकुबोच्या मदतीने तिने मलाच फिरवलं. इसोबे ज्या दिवशी चेंडू टाकणार, त्या दिवशी माझं तोंड भिंतीकडे. आवाज मात्र चालू. मित्रांनो, विचार करा, ज्याचा जन्मच दाखवण्यासाठी झाला त्याने काय करावं? मी भिंतीला सामना दाखवत असे. भिंतीच्या चकचकीत फरशीत मला दुकान धूसर दिसायचं. दहा-बारा माणसं माझ्या कुबडाकडे टक लावून बसलेली. इसोबेची फेक सुधारत गेली ती त्याच्या घामामुळे, पण दुकानात तिचं श्रेय माझ्या पाठीला मिळालं.

मग तो हंगाम आला. इसोबे तिशीला टेकला होता आणि त्याच्यासमोर कुणाची बॅट चालत नव्हती. हंगाम संपला की म्हाताऱ्या गोलंदाजांची एक समिती वर्षातला सर्वोत्तम गोलंदाज निवडते. हा मान आपल्या इसोबेलाच मिळाला पाहिजे, हे काकूने जूनमध्येच जाहीर केलं. स्पर्धेत राजधानीच्या श्रीमंत संघाचा एक गोलंदाजही होता. त्याचं नाव दुकानात घेतलेलं तिला चालत नसे. त्याचा सामना असला की ती मला बंद करून टाकायची. मला अंधारात ठेवल्याने त्याच्या फेकीत काय फरक पडणार होता, ते तिचं तिला ठाऊक.

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी मी भिंतीला एक विलक्षण सामना दाखवत होतो. इसोबेने समोरच्यांना एकही फटका मिळू दिला नव्हता. नववा, शेवटचा डाव आला. दोघे बाद झाले. तिसरा बाद झाला की डाव संपतो, म्हणजे आता एकच उरला. असं काही चाललेलं असताना ते तोंडाने बोलायचं नसतं. बोललं की मोडतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. दुकानात माणसं घास तोंडात धरून बसली होती. तव्यावर काहीतरी चरचरत होतं आणि काकूचा कालथा हवेत थांबला होता.

तेवढ्यात ओकुबो अगदी शांतपणे म्हणाला, "शिझुए-सान, अजून एकही फटका नाही हो त्यांचा."

पुढचाच चेंडू समोरच्याच्या बॅटला जेमतेम लागला आणि आमच्या दोन खेळाडूंच्या मधून घरंगळत गेला. फटका. पुढच्या फेकीवर सामना संपला, आम्ही जिंकलो. पण दुकानात कुणी हललं नाही.

"तुमची प्लेट उचला," काकू म्हणाली, "आणि दाराबाहेर बसा."

ओकुबो प्लेट घेऊन उठला. त्या दिवसापासून तो बाहेर बिअरच्या रिकाम्या क्रेटवर बसून जेवू लागला. वाऱ्यात, पावसात, टोपी कानावर ओढून. कोट आता त्याच्या अंगात असे, त्यामुळे शेजारच्या स्टुलावर कुणीही बसू लागलं. काकू त्याच्याशी बोलत नसे, पण सॉस वाढताना तिचा हात आखडलेला मी पाहिला नाही.

हंगाम संपला. हिरव्या टोपीवाले खालून दुसरे आले, त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही, सवय होती. सगळ्यांचं लक्ष त्या निवडीकडे. बातम्यांच्या वेळी मला नेहमीप्रमाणे भिंतीकडे फिरवण्यात आलं. म्हाताऱ्या गोलंदाजांनी इसोबेचं नाव घेतलं. काकू तव्यामागेच खाली बसली आणि अॅप्रनमध्ये तोंड घालून रडली. मग उठून तिने जमलेल्या सगळ्यांना फुकट खाऊ घातलं. क्रेटवर बसलेल्यालाही एक प्लेट गेली.

गर्दी पांगल्यावर ओकुबो रिकामी प्लेट घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "आता तो जाणार."

काकू तवा पुसत राहिली. ठरलेले हंगाम एका संघात काढले की खेळाडूला दुसरीकडे जायची मोकळीक मिळते. इसोबेचे तेवढे हंगाम याच वर्षी पुरे झाले होते. आणि असा मान मिळवलेल्या गोलंदाजाला राजधानीचा संघ तोंडाने मागेल ते देतो. हे दुकानातल्या प्रत्येकाला कळत होतं, म्हणूनच दिवसभर कुणी बोललं नव्हतं.

"तुम्हाला हे कधी सुचलं?" तिने विचारलं.

"जूनमध्ये. म्हणून तर त्या दिवशी बोललो."

त्याने उंबऱ्यापलीकडूनच सगळं सांगितलं. तो सामना तसाच पुरा झाला असता तर मान इसोबेला मिळणार, यात शंकाच नव्हती. मोडला तर कदाचित राजधानीच्या त्या दुसऱ्याला मिळाला असता, इसोबेकडे कुणाचं एवढं लक्ष गेलं नसतं, पोरगा आणखी दोन वर्षं इथेच राहिला असता. म्हणून त्याने सगळ्यांच्या शिव्या खायची तयारी ठेवून, वेळ साधून, ते वाक्य उच्चारलं होतं.

"आणि तरीही मान त्यालाच मिळाला," काकू म्हणाली.

"हो ना. माझी जीभसुद्धा काही कामाची नाही."

तिने फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग ती हळूच म्हणाली, "मलाही कळत होतं, ओकुबो-सान. पण त्याच्यासाठी मागायचंच, तर अर्धं कसं मागणार?" आणि दाराकडे वळून, "आत या. थंडी पडलीय."

पुढचे काही दिवस दोघांनी मिळून सगळे उपाय केले. काकू देवळात जाऊन आली. ओकुबो टॅक्सीत हिरवी टोपी घालू लागला, जी त्याने ऊन असो, पाऊस असो, काढली नाही. वर्तमानपत्रात इसोबे राहणार असं छापून आलं की ते मला कौतुकाने पुसायचे, जाणार असं आलं की माझ्याकडे पाठ फिरवायचे. मी मात्र जे येईल ते दाखवत होतो. दुसरं माझ्या हाती काय होतं?

नोव्हेंबर संपत आला तेव्हा इसोबे पत्रकारांसमोर बसणार, असं कळलं. त्या दिवशी काकूने मला स्वतः, एकटीने, भिंतीकडून आपल्याकडे वळवलं. माझी पाठ खरखरत फळीवर घासली गेली. तिचा चेहरा एवढा निरखून मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. काच पुसता पुसता म्हातारी झाली होती ती.

मित्रांनो, माझं चित्र कारण नसताना कितीदा तरी गेलं आहे. रंगात आलेले सामने मी पांढऱ्या ठिपक्यांच्या हिमवादळात बुडवले आहेत. त्या दुपारी मी मनापासून प्रार्थना केली, की आता जाऊ दे. तार सुटू दे, काहीतरी जळू दे. पण माझं चित्र त्या दिवशी आरशासारखं स्वच्छ होतं. काळ्या सुटातला इसोबे उठला, वाकला आणि म्हणाला की मी राजधानीच्या संघाकडे जातो आहे. त्याने प्रशिक्षकांचे आभार मानले, वसतिगृहाचे मानले, किनाऱ्यावरच्या सगळ्या चाहत्यांचे मानले. काकू मान थोडी पुढे करून ऐकत होती, अजून काही यायचं बाकी असल्यासारखी. तो पुन्हा वाकला आणि जाहिरात लागली.

"सूट घट्ट होतोय त्याला," ती म्हणाली. "म्हणजे जेवतोय तरी बरा."

ओकुबोने टोपी काढून मांडीवर ठेवली.

एप्रिलमध्ये तो आमच्याविरुद्ध खेळायला आला. दुकान खच्चून भरलं होतं. गोदीतल्या कामगारांनी त्याला नावं ठेवायला दुपारपासूनच सुरुवात केली होती. गद्दार, पैशाला विकला गेलेला, खाल्ल्या तव्याला न जागणारा. काकू तव्यावरची धिरडी उलटत राहिली. मला भिंतीकडे फिरवायचं का, असं कुणीतरी विचारलं, तर तिने नुसती मान हलवून नको म्हटलं.

आमचा सर्वांत दमदार फलंदाज समोर होता आणि तिन्ही बेसवर आमची माणसं उभी होती. दुकान श्वास रोखून बसलं. इसोबेने हात मागे नेला आणि असा चेंडू टाकला, की हवेत बॅट फिरवून आमचा माणूस गुडघ्यावर बसला. बाद. दुकानात सुतकी शांतता पसरली. आणि त्या शांततेत एक टाळी वाजली.

ती काकूची होती. तिचे हात तिला न विचारताच एकत्र आले होते. ते तसेच छातीशी धरून ती उभी राहिली, चोरी करताना सापडल्यासारखी. हिरव्या टोप्यांखालचे सगळे चेहरे तिच्याकडे वळले. त्या दुकानात आजवर परक्या संघासाठी टाळी वाजली नव्हती. मला काही करता येत नव्हतं. मला जाहिरातसुद्धा लवकर लावता येत नाही.

ओकुबोने आपला ग्लास खाली ठेवला. त्याने एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटाच, जोरजोरात, सगळ्यांनी आता त्याच्याकडे बघावं अशा. थोड्या वेळाने काकूचे हातही पुन्हा हलले.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझ्या डोक्यावर सिग्नलचा नवीन डबा बसवला आहे, त्याच्या आधाराने कसाबसा चालतो. एक दिवस चपटा टीव्ही येईल आणि मला दोन माणसं उचलून नेतील. त्याआधी एक मागणं आहे. तुमच्या घरी भिंतीवर माझा जो पुतण्या लटकतो आहे, त्याला हरलेल्या सामन्यासाठी थापट मारू नका, त्याच्या हाती काही नसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सामना बघताना अधूनमधून शेजारी बसलेल्या माणसाकडेही बघत जा. मी आयुष्यभर चेहरेच बघत आलो आहे, म्हणून सांगतो. आपलं प्रेम कुठल्या बाजूला जावं, हे कधी कधी त्या माणसाच्या स्वतःच्याही हाती नसतं. अशा वेळी त्याची टाळी एकटी पडू देऊ नका.