न पावलेल्या नवसाचा सिनेमा

कम्पोनने पीएचडीचा विषय पुन्हा बदलला होता. आधी मोबाइलवरच्या मालिका, मग जुनी थिएटरं, आता जाहिराती. ज्यांना तो आचान, म्हणजे गुरू, म्हणे त्या मार्गदर्शिका नित्तयाबाईंनी कागद वाचून बाजूला सारला.

"पहिलाच विषय चांगला होता. देवळातला नवसाचा सिनेमा. तो का सोडलास?"

"प्रेक्षकच नसतात तिथे, आचान. रिकाम्या खुर्च्यांच्या मुलाखती कशा घेणार?"

"हा विनोद बायकोलाही ऐकवला असशील."

"तिचाच आहे तो."

बाईंनी कागद पुन्हा पुढे ओढला. त्याची बायको साओवनी वारली, त्याला एक पावसाळा उलटला होता. "सोमवारी समिती बसतेय," त्या म्हणाल्या. "विषय ठरला नाही तर तुझं नाव काढतील. मग मलाही काही करता येणार नाही."

कम्पोनला घरी जाववेना, ग्रंथालयात बसवेना. मोटारसायकलवरून तो बाजाराला उगाच वळसे घालत राहिला. चिकट भाताची पुडी घेतली आणि न खाताच हँडलला अडकवली. संध्याकाळी नगरदेवाच्या देवळापाशी आला, तर कुणाचा तरी नवस फिटत होता. देवाकडे तोंड करून पडदा लावलेला, समोर देवासाठी मांडलेल्या खुर्च्या.

साओवनी आजारी असताना कम्पोन इथेच नवस बोलला होता, ही बरी झाली तर तुला सिनेमा दाखवीन. ती बरी झाली नाही. तेव्हापासून दुसऱ्यांचे नवस फिटताना त्याला बघवत नसे. विषय सोडला तो त्यामुळे.

"काय डॉक्टर, दिसला नाहीत बरेच दिवस," पडदेवाले प्रासित काका म्हणाले.

"अजून झालो नाही काका."

"उरका लवकर. माझी कंबर दाखवायचीय."

सिनेमा सुरू झाला. परत निघावं म्हणून कम्पोन वळला, तर मागे भिंतीशी एक बाई पिशवी धरून उभी होती. पलीकडे एक माणूस गाडी चालू ठेवूनच बघत होता.

"बसा ना," कम्पोन बाईला म्हणाला.

"आपला सिनेमा असता तर बसले असते." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं कोण गेलं?"

"बायको."

"माझी बहीण."

कम्पोनने गाडीची किल्ली खिशात टाकली. पुडी सोडून तिच्यापुढे धरली. तिने घासभर भात घेतला. दोघं भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभी राहिली.

सोमवारी समितीने विचारलं, "नवसाच्या सिनेमाला प्रेक्षक कोण?"

"मागे उभे असतात ते," कम्पोन म्हणाला. "मी त्यांच्यातलाच आहे."