करंट गेल्यावरचा चहा

करंट गेला आणि उद्धवरावांच्या तोंडावर उजेड पडला.

त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळची बॅच चालू होती. वरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, पण खालचे टाइपराइटर खडखडत राहिले. त्यांना कुठे करंटची गरज? उद्धवराव फूटपट्टी काखेत मारून दारात आले. रस्त्यापलीकडे मोतीरामच्या कॉम्प्युटर सेंटरमधून पोरं एकेक करून बाहेर पडत होती आणि पायऱ्यांवर आपापल्या चपला हुडकत होती.

"पांडुरंगराव," उद्धवरावांनी शेजारच्या कापडदुकानाकडे तोंड करून आवाज दिला, "गेला का हो करंट?"

"गेला बाप्पा. सांगा चहा."

मोतीरामचं सेंटर उघडल्यापासून हा दोघांचा नेमच झाला होता. करंट गेला की चहा उद्धवरावांकडून. आणि शहाण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात बोथ गावात करंट इतक्या वेळा जायचा की चहा पिऊन पिऊन पांडुरंगरावांना पित्त झालं होतं. तरी फुकटचा चहा कोण सोडतो?

"आमच्या मशीनीले करंट नाई लागत," बशीत फुंकर मारत उद्धवराव म्हणाले. "बोटात जोर पायजे फक्त. तिकडं पाहा, डब्बा होऊन बसला."

समोर मोतीराम पायरीवर उभा राहून तारेकडे बघत होता. उद्धवरावांकडे लक्ष जाताच त्यानं हात जोडले. तेच तर उद्धवरावांना झोंबायचं. हा मोतीराम त्यांचाच विद्यार्थी. टायपिंगच्या लोअर परीक्षेत दोनदा आपटलेला. याच्या बोटांवर त्यांनी किती फूटपट्ट्या मारल्या असतील! तो हैद्राबादला गेला काय, दोन कॉम्प्युटर घेऊन परत आला काय, आणि बोथमधली पोरं गुळाला मुंग्या लागाव्यात तशी त्याच्याकडे लागली. बरं, माजोरी असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या. पण हा मेला हात जोडायचा.

उद्धवरावांचं घर मागच्या गल्लीत होतं. बायको आशाबाई, नार्नूरकडची. तीही एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी. गुडीहत्नूरला त्यांनी पहिली दोन मशीनं टाकली तेव्हा ती आली होती, मामाच्या घरून. हायर पास झाली, लग्न झालं, आणि बोथला आल्यावर दीड-दोन वर्षं एक नंबरच्या मशीनवर बसून तिनं पोरींना शिकवलंसुद्धा. मग एक दिवस कुणीतरी बाजारात म्हणालं, मास्तरपेक्षा बाईचा हात बरा आहे. म्हणणारा थट्टेत म्हणून गेला. उद्धवराव मात्र घरी येऊन म्हणाले, "उद्यापासून येऊ नको. घरी कोन पाहील?" घरी पाहण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं. आशाबाईंनी एक नंबरच्या मशीनवर कापड घातलं आणि त्या घरी बसल्या. त्याला आता बारा वर्षं झाली.

उद्धवरावांचा कान मात्र तयार होता, हे वैऱ्यानेही कबूल करावं. मास्तर स्वतः कुठे टाइप करतो? तो मशीनांच्या मधून फिरतो आणि ऐकतो. पाठ करून उभे असले तरी कोणत्या मशीनवर कोण बसलंय आणि कोणाची करंगळी आळशी आहे, हे ते सांगत. माणसाच्या चालीसारखी प्रत्येकाच्या हाताचीही एक चाल असते.

त्या दिवशी दुपारी इन्स्टिट्यूट रिकामं होतं. बाजाररस्ता उन्हात झोपला होता. उद्धवराव मशीनांना तेल घालत बसले होते आणि समोरच्या खिडकीतून टकटक येत होती. ती नेहमीच यायची. मोतीरामचे कीबोर्ड मोठ्या आवाजाचे होते. पण आजची टकटक पोरासोरांची नव्हती. दहाही बोटं चालत होती. सरळ, भरधाव, न बघता. आणि मधूनच एका जागी हात जरासा अडखळायचा.

उद्धवरावांच्या हातातली तेलाची बुधली तशीच राहिली.

लहानपणी ज्वारी कापताना आशाबाईंच्या डाव्या करंगळीला विळा लागला होता. ती करंगळी तेव्हापासून थोडी वाकडी. इंग्रजी 'ए' त्याच बोटाखाली येतो. त्यामुळे प्रत्येक 'ए'च्या आधी आशाबाईंचा हात पापणी लवण्याएवढा थांबायचा. तिला शिकवताना या एका 'ए'वर उद्धवरावांनी महिनाभर घालवला होता. हा हात त्यांनी ओळखला नसता तर कोणी ओळखला असता?

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "दुपारी कुठं गेलती?"

"भागाबाईकडं. पापड लाटायले."

"किती झाले मंग पापड?"

"झाले लय."

त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखाच्या कडेलाही पीठ नव्हतं. पापड भागाबाईकडे लाटले गेले की नाही देव जाणे, उद्धवरावांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. पण जळणाऱ्या माणसाला आधी पोटभर जळून घ्यायचं असतं.

पुढचे दोन दिवस ते दुपारी दाराआड खुर्ची टाकून ऐकत बसले. कान देऊन ऐकावं आणि ऐकून कुढावं, असा तो उद्योग. ती भरभर चालली की वाटायचं, कोणासाठी एवढी घाई? थांबली की वाटायचं, आता कोणाशी बोलत असेल? मोतीराम तिशीचा, अजून लग्न नाही, दात पांढरे. स्वतःच्या पानानं रंगलेल्या दातांवरून त्यांनी जीभ फिरवली. बारा वर्षं आपल्यासमोर भाकरी थापणारी बाई, आणि तिची बोटं समोरच्याच्या यंत्रावर नाचतात! त्या दोन दिवसांत करंट एकदाही गेला नाही. नको तेव्हा जातो आणि हवा तेव्हा जात नाही, म्हणून त्यांनी वीजखात्यालाही शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी राहवेना. ते रस्ता ओलांडून गेले.

पायऱ्यांवर चपला काढायचा नियम होता, देवळात काढतात तसा. पोरांच्या चपलांच्या ढिगात एका कडेला आशाबाईंच्या चपला होत्या. उजवीचा अंगठा मागच्याच बाजारी त्यांनी स्वतः शिवून आणला होता. तो टाका त्यांनी लगेच ओळखला. आता संशय म्हणायलाही जागा राहिली नाही. त्यांनी आपल्या चपला काढल्या, तिच्यापासून दूर, आणि निळा पडदा बाजूला केला.

आत आशाबाई हसत होत्या.

उद्धवराव काय काय बघायच्या तयारीनं आले होते! पण हे नव्हतं. मोतीराम तिकडे कोपऱ्यात दोन पोरांना काही दाखवत होता. आशाबाई एकट्याच कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसल्या होत्या, पदर कमरेला खोचून. पडद्यावर वरून अक्षरं पडत होती. ज्या अक्षराचं बटण दाबलं ते हवेतच फुटायचं. खाली चार घरं काढली होती, चुकलेलं अक्षर त्यातल्या एखाद्या घरावर पडायचं. त्या फटाफट अक्षरं फोडत होत्या. एक 'ए' हातून निसटला, घर कोसळलं, आणि आशाबाई पोरीसारख्या खुदखुदल्या. हे हसू उद्धवरावांनी गुडीहत्नूरला ऐकलं होतं. नंतर ते कुठे गेलं, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

"सार! या, या!" मोतीराम धावत आला. "बसा ना सार."

आशाबाई उभ्या राहिल्या. कमरेचा पदर सोडून त्यांनी डोक्यावर घेतला.

"काय खेळ चालला म्हनलं, पाहू," उद्धवराव म्हणाले.

"तुमी बसून पाहाच सार. हा कीबोर्ड जुना हाये, हैद्राबादच्या लिलावातून उचलला. नवे येऊन राह्यले ते बुळबुळीत, दाबलं का नाई समजतच नाई. याच्या एकेका बटनाखाली स्प्रिंग हाये. मशीनीवर शिकलेल्या मानसालेच याची मजा येते. काकू बसल्या तं मी पाहातच राह्यलो."

काकू! बरं, काकू तर काकू. उद्धवराव बसले. आधी त्यानं कोरा पडदा काढून दिला. रोजचा अर्ज टाइप करून पाहा म्हणाला. उद्धवरावांनी मनगटं उचलली, पाठ ताठ केली. रिस्पेक्टेड सर. बटणं खरोखर छान होती. बोटाखाली खटका लागायचा, मग वर उचलून द्यायची, जिवंत असल्यासारखी. त्यांनी सवयीनं जोरात मारलं, चार कार्बनपेपर खाली असल्यासारखं. बोट दाबून राहिलं की एकाची सात अक्षरं उमटत. पण ते अडले नाहीत. ओळ भरत आली. घंटी वाजली नाही. आणि तरीही त्यांचा डावा हात आपोआप वर गेला, मशीनचा दांडा धरून गाडी ढकलायला, आणि दांडा नव्हता म्हणून हवेतच एक झोकात फेरी मारून परत आला.

पोरं फिसकन हसली. उद्धवरावांच्या कानशिलांतून वाफ गेली.

"मले बी पयल्या दिवशी तसंच झालतं," आशाबाई हळूच म्हणाल्या.

"खेळ लाव," उद्धवराव मोतीरामला म्हणाले.

अक्षरं पडू लागली. त्यांना सगळी माहीत होती, कोणतं कोणत्या बोटाखाली ते झोपेत सांगितलं असतं. पण सांगणं वेगळं. बारा वर्षं त्यांची बोटं फूटपट्टी धरत होती. आणि ही बाई, जी बारा वर्षं टाइपराइटरला शिवली नव्हती, तिची बोटं मात्र कुठलीशी वाट चालतच राहिली असावीत, पिठात, पाण्यात, भाकरीच्या कडेवर. पहिलं घर पडलं. दुसरं पडलं. तिसरं. शेवटच्या घरावर 'ए' आला आणि त्यांची धडधाकट करंगळी त्यावर वेळेत पोचली नाही.

उद्धवराव उठले. आपण इतके दिवस मोतीरामवर जळत नव्हतो, हे त्यांना त्या खुर्चीतून उठताना लख्ख दिसलं. जळत होतो तिच्यावर. बाजारात कुणीतरी थट्टेत बोललं होतं त्या दिवसापासून.

दोघं मागच्या गल्लीत शिरले. आशाबाई दोन पावलं मागे होत्या.

"भागाबाईचे पापड," उद्धवराव म्हणाले.

"खोटं बोलली मी."

"काऊन?"

"खरं सांगतलं असतं तं येऊ देल्लं असतं का तुमी?"

समोरून एक बैल रवंथ करत आला, त्याला वाट देण्याचं उद्धवरावांना निमित्त मिळालं.

"मोतीराम म्हनते, दुपारच्याले पोरीयले शिकवायले येत जा. पोरी त्याच्यापाशी बसायले लाजतेत," आशाबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, घरी इचारते. तुमी नाई म्हना, मी नाई जात. पन तोंडानं म्हना. मागच्या वेळेसारखं घराचं नाव घेऊ नका."

'नाही' त्यांच्या जिभेवर होतंच. तयार, धार लावलेलं. मास्तरची बायको मास्तरच्या समोरच्या दुकानात शिकवते, उद्या बाजार काय म्हणेल? पांडुरंगराव काय म्हणतील? आपल्या मशीनांवर मग कोण बसेल? सगळं जिभेवर होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. ती उन्हात उभी होती आणि डाव्या करंगळीला उजव्या हातानं चोळत होती. खेळून दुखत असावी.

"तुमाले कसं समजलं, मी हाये म्हून?" तिनं विचारलं.

"तुया 'ए'वरून."

तिचा करंगळी चोळणारा हात थांबला.

उद्धवराव खाली तिच्या पायांकडे पाहू लागले. "उजवीचा अंगठा पुन्हा ढिला झाला," ते म्हणाले. "रोज जायचं तं शिवून घे. तिथं पायऱ्यांवर लय चपला असतेत, तुटकी कोनी पायानं लोटून देईल."

आणि ते पुढे चालू लागले, जरा जास्तच भरभर.

मत्सर गेला असं कोणी समजू नये. तो काही ताप नव्हे, घाम येऊन उतरायला. पुढच्या सोमवारी दुपारी उद्धवराव रिकाम्या इन्स्टिट्यूटमध्ये बसले होते आणि रस्त्यापलीकडून तिची टकटक येत होती. मध्येच ती थांबायची, एखादी पोरगी चाचपडत चार बटणं मारायची, मग पुन्हा तिची. प्रत्येक वेळी त्यांना आत कुठेतरी टोचत होतं. पोरी आता तिला बाई म्हणत असतील. त्यांनी एक नंबरच्या मशीनवरचं कापड काढलं, झटकलं, टाइपांवरची धूळ पुसली आणि समोर बसून राहिले.

पंखा थांबला. पलीकडची टकटक एका अक्षरावर तुटली.

"उद्धवराव!" पांडुरंगरावांनी शेजारून आवाज दिला. "गेला बाप्पा करंट! सांगा चहा!"

समोरच्या पायऱ्यांवर मोतीराम येऊन तारेकडे बघू लागला. पोरी बाहेर आल्या. आशाबाई आल्या नाहीत. त्या आत अंधारात त्या खुर्चीवरच बसल्या असणार.

"अहो, झोपले का? चहा!"

"थांबा जरा," उद्धवराव म्हणाले. "येऊ द्या करंटले."

पांडुरंगराव गल्ल्यावरून उठून दारात डोकावले. मास्तरांची तब्येत बरी आहे ना, म्हणून. मास्तर घामानं भिजले होते आणि मान वर करून पंख्याकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं पंख्याचं पातं हललं. पोरी आत पळाल्या. यंत्र सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढा लागला. मग टकटक आली, आधी सावकाश, मग भरधाव. उद्धवरावांनी कान दिला. एका जागी हात जरासा अडखळला आणि पुढे गेला.

"सांगा आता," उद्धवराव म्हणाले. "माझ्याकडून."