न आलेल्या गाड्यांसाठी

मी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी माझी विचारपूस करत नाही. अम्मानमधल्या अबू नायेफच्या दुकानाला, कतायेफ म्हणजे सारण भरलेली गोड घावनं विकणाऱ्या, वेबसाइट आहे ना, तिच्या कोडातला मी एक थर. ऑर्डर आणि ती पोचवणारा यांच्या मधला.

मला मुरादनं लिहिलं. तो तेव्हा नुकताच डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोड रचायचे ठरीव साचे, शिकला होता. हाती नवी सुई आली की माणूस धड कापडालाही टाके घालतो. "उद्या मोटारसायकली येतील, गाड्या येतील. कुणाकडून पाठवायचं ते हा थर ठरवेल," असं म्हणून त्यानं माझ्यात प्रत्येकासाठी एकेक खोली काढली. मीही हुरळलो.

पण दुकान डोंगरावरच्या पायऱ्यांवर. तिथे गाडी चढणार कुठून? पोचवणारा एकटा सालेह, अबू नायेफचा भाऊ, तोही पायी. दर ऑर्डरीला मी विचारायचो, "कोण नेणार?" उत्तर ठरलेलं. बाकीच्या खोल्यांत कधी कुणी फिरकलंच नाही. बाजारात तुरी, तसा माझा संसार.

मग रमजान लागला. ऑर्डरी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या, बऱ्याच आधी थांबवायच्या होत्या. ती वेळ मुरादनं खोलीखोलीत वेगळी ठेवलेली. त्याच्यासोबत काम करणाऱ्या लुबनानं सगळीकडे बदलली, नेमकी सालेहची खोली राहिली. पहिल्या रोज्याला अजान होईतो ऑर्डरी येतच होत्या. सालेहनं रोजा सोडला तो पायऱ्यांवर, कुणी दिलेल्या खजुरावर.

सकाळी अबू नायेफ मुराद-लुबनाच्या कचेरीत हजर. "पोरी, माझा भाऊ इफ्तारला घरी हवा. जमत नसेल तर बंद कर ते यंत्र. फोन ऐकायला माझे कान शाबूत आहेत."

तो गेल्यावर लुबनानं मला काढूनच टाकायचं ठरवलं. मुराद म्हणाला, "तेवढी एक वेळ बदल ना. थर कशाला काढतेस? उद्या गाड्या आल्या तर?"

"पायऱ्या चढणारी गाडी तुझ्या मामानं घेतलीय का?"

तो हसला नाही. "मेहनतीनं लिहिलंय गं."

"ठाऊक आहे रे. आल्या तर तूच परत लिही. आज माणूस एक आहे, वेळही एकाच जागी असू दे."

दुपारी तिनं मला काढलं. माझ्या जागी साध्या चार ओळी आल्या. संध्याकाळी अबू नायेफचा फोन आला. "भाऊ समोर बसलाय. मसुराचं सूप पितोय."

मी आता जुन्या कोडाच्या अडगळीत पडून आहे. बाबांनो, दाखवायला म्हणून मला मांडू नका. खरंच दुसरा कुणी पोचवणारा दारात उभा राहिला तर हाक मारा.

सुरुवातीला मुराद यायचा. मला वाचायचा, काही न बदलता निघून जायचा. हल्ली तोही येत नाही.