डाव्या खिशाचा कुडता

आम्ही दोघी वर माना करून चालायला लागलो की त्या शहरातले लोक हसायचे. त्यांना वाटत असणार, आल्या बघा कुठल्या गावाकडच्या बायका, उंच इमारती बघून चक्रावल्यात. वाटू दे. इमारतींशी आम्हाला काडीचं देणंघेणं नव्हतं. आम्ही खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कपडे बघत होतो.

हे डोकं माझ्या मैत्रिणीचं. ती शिवणकाम करते. शाळेपासून आम्ही तिला टाचणी म्हणतो, कारण अंगानेही तशीच आणि तोंडातही कायम टाचण्या. माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय, म्हणून मी भोंगा. लोक म्हणतात, या दोघींचं जमतं कसं? जमतं बाई. एक बोलते, दुसरी तोंडात टाचण्या धरून ऐकते.

टाचणीची लेक या शहरात होती. एका मुलाबरोबर कामाला म्हणून निघून आली. तेव्हापासून टाचणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, घरात फर्मान काढलं की आपल्याला मुलगी नव्हतीच असं समजायचं. टाचणीने मान डोलावली आणि पोरीशी दुकानातून बोलत राहिली, मशीन चालू ठेवून, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जायला नको. मग फोन थांबले. लावला की लागायचाच नाही. टाचणी वाळत चालली. शेवटी मीच भाऊजींना जाऊन सांगितलं की आम्ही दोघी स्वस्तातल्या सहलीला निघालोय, आयुष्यभर राबलोय, आता चार दिवस जग बघू द्या. ते म्हणाले, जा, पण रोज फोटो पाठवा.

सहल मात्र खरोखरच स्वस्तातली होती, त्यात मी कुठे खोटं बोलले नाही. एका खोलीत एकावर एक पलंग, प्रत्येकाला एक पडदा, आणि आंघोळीला रांग. मालकीण नळाशी उभी राहायची, कोणी पाणी जास्त सोडलं की दार वाजवायची. सकाळी तिथल्या ताटातले ब्रेडचे जादा तुकडे मी रुमालात बांधून घ्यायचे. टाचणीला लाज वाटायची. मी म्हणायचे, लाजेने पोट भरतं का? बाटल्या स्टेशनवर भरायच्या, बसचा दिवसभराचा पास काढायचा आणि अंधार पडेपर्यंत तो वसूल करायचा.

पण आधी फोटो. मोठ्या मनोऱ्यासमोर टाचणीला उभी करायची, हास म्हणायचं, ती हसायची, की लगेच भाऊजींना फोटो रवाना. ते अंगठा दाखवून उत्तर द्यायचे. मला तो अंगठा मोडावासा वाटायचा.

पत्ता पोरीने कधी दिलाच नव्हता. शेवटच्या फोनमधली दोनच वाक्यं टाचणीजवळ उरली होती. पोरगी म्हणाली होती, खिडकीखालीच बसडेपो आहे, त्यामुळे नीट ऐकू येत नाही. आणि विचारलं होतं, आई, अगदी लहान गळ्याला तिरकी पट्टी कशी लावायची गं, माझी सारखी चुण्या धरते. टाचणीने तिला सगळं समजावलं. कापड आडवं धरू नकोस, पट्टी ओढून लावू नकोस, आधी कच्चा टाका घाल, मग मशीन मार, सगळं झालं की कच्चा टाका काढून टाक. मग फोन तुटला. इतकं सगळं सांगितलं आणि गळा लहान कोणाचा, हे काही विचारलं नाही. मी असते तर पहिला प्रश्न तोच केला असता. पण शिवणाऱ्या बाईला कोणी शिवणातलं विचारलं की तिला दुसरं काही सुचत नाही, त्याला काय करणार! तिला वाटलं, पोरीला कुठेतरी शिवायचं काम मिळालं. आठवडाभर खूश होती.

तर आम्ही डेपो शोधत होतो. त्या शहरात डेपो काय कमी? नकाशात एकेकावर फुली मारत आम्ही जायचो, आणि डेपोभोवतीच्या इमारतींखालून माना वर करून फिरायचो. पोरगी घालते ते सगळं टाचणीने शिवलेलं. पोरगी डावखुरी, म्हणून तिच्या प्रत्येक कुडत्याला एकच खिसा, डावीकडे, तोही वेगळ्या रंगाच्या कापडाचा. रस्त्यावरूनही दिसेल, टाचणी म्हणायची. मला हा निव्वळ वेडेपणा वाटत होता. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मीही मान मोडून घेत होते.

आणि दिसला की! चौथ्या मजल्यावर हिरवा कुडता, डावीकडे पिवळा खिसा. टाचणीने माझा दंड असा धरला की वळ उठला. जिन्यात ती मध्येच थांबली, केस सारखे केले, माझ्याकडून विंचरून घेतले. मी म्हटलं, अगं, लेकीकडे चाललीस, मुलगी दाखवायला नाही. ती हसली. फोटोतलं नव्हे, खरं हसली. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं झालं.

दार उघडलं ते एका भलत्याच बाईने. अंगावर सफाई कामगाराचा निळा गणवेश, हातात ओला बोळा. मी फोनमध्ये बोलायचे, फोन तिच्या भाषेत सांगायचा, ती बोलायची, तो आमच्या. बाई भली होती. आम्हाला बसायला एकुलती एक खुर्ची दिली, त्यावर टाचणी बसली. या खोलीत मुलगी कोणी राहत नाही, कधी नव्हती, ती म्हणाली. कुडता तिने पुलाखालच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून आणला होता. इतकी चांगली शिलाई, टाकून कोणी दिला असेल कोण जाणे, असंही ती म्हणाली. टाचणीची शिलाई आहे हे मी तिला सांगितलं नाही.

टाचणीने कुडता मागून घेतला आणि उलटा केला. तिच्या हातांना मी ओळखते. बाजूच्या शिवणीत ती नेहमी तीन बोटं कापड जास्त सोडते, पुढे घालणारी अंगाने भरली तर उसवून मोठा करता यावा म्हणून. तिने बोटं फिरवली. दोन्ही बाजू उसवल्या होत्या. पार काठापर्यंत. हाताने घातलेले बारीक टाके, डावीकडे कललेले. पोरीचेच. आत दोराभरही कापड उरलं नव्हतं.

इतकं का उसवावं लागलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी तीन बाळंतपणं काढलीत. मी त्या परक्या बाईकडे पाणी मागितलं.

पुलाखालच्या बाजारात कपड्यांचे ढीग होते, माणसं गुडघ्यांवर बसून उपसत होती. ढिगापाशी एक म्हातारा बसला होता. मी विचारलं, ही गाठोडी येतात कुठून? तो सरळ माणूस, त्याने सरळ सांगितलं. शहरभरच्या इस्पितळांतून. ज्यांचे कपडे न्यायला कोणी येत नाही, त्यांचे गठ्ठे होतात आणि ट्रकने येतात. कुठला गठ्ठा कुठला, हे त्याला कसं कळणार? मी हे सगळं ऐकलं आणि टाचणीला म्हटलं, याला काही माहीत नाही, चल. पण फोनने ते आमच्या भाषेत मोठ्याने सांगून टाकलं होतं. मेल्या फोनला आवाज कमी करायचं मला सुचलं नव्हतं.

टाचणी खाली बसली आणि ढीग उपसायला लागली. निळा निघाला, डावा खिसा. चौकड्यांचा निघाला, डावा खिसा. जो घालून पोरगी घरातून निघाली होती, तोही निघाला. मी मनात म्हणत होते, आता पुरे, आता काही निघू नये. तिने सगळे घड्या करून मांडीवर ठेवले, दुकानात ठेवते तसे. तेवढ्यात चौकड्यांच्या कुडत्याच्या बाहीतून काहीतरी खाली पडलं.

झबलं होतं. तळहाताएवढं. कुठल्यातरी जुन्या कुडत्याच्या कापडातून कापलेलं, डावीकडे नखाएवढा खिसा. टाचणीने ते उजेडाकडे धरलं. गळ्याला तिरकी पट्टी होती, आणि पट्टीवरून पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका तसाच होता. घालायच्या आधी काढतात तो. त्याला कोणी हातही लावला नव्हता.

ती कितीतरी वेळ गळ्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "पट्टी बरोबर लावलीय. एक चुणी नाही."

मला रडू फुटलं. भर बाजारात, माझ्या त्या आवाजात. म्हातारा घाबरून उठला. टाचणी रडली नाही. तिची नखं कच्च्या टाक्याच्या टोकाशी गेली, गाठ धरली, आणि तिने ती न उसवता तशीच राहू दिली. मग सगळ्या कपड्यांचं बोचकं बांधलं. म्हातारा काही घ्यायला तयार होईना, तरी तिने त्याच्या हातात पैसे कोंबलेच.

रस्त्यावर आल्यावर मी नाक पुसलं आणि म्हणाले, पास अजून चालतोय, एकेक इस्पितळ विचारत जाऊ. कुठेतरी नोंद असेल, कोणीतरी सांगेल.

"नको," टाचणी म्हणाली. "डेपोच बघू. दोन राहिलेत."

"अगं, पण..."

"भोंग्या, डेपोच बघू."

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊजी विचारत होते, आजचा फोटो कुठे आहे. मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

बस आली. टाचणी खिडकीशी बसली, मांडीवर बोचकं आणि बोचक्यावर दोन्ही हात. दोन्ही बाजूंना इमारती सुरू झाल्या, खिडक्याखिडक्यांतून कपडे, मजल्यावर मजले. आज तिने मान वर केली नाही. मग मीच खिडकीकडे वाकले आणि डावे खिसे बघत राहिले.