केबलची ढील

पोराच्या गाडीला अडीच महिने कुणी हात लावला नव्हता. आज गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून मी गॅरेजच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. टाकीवर धूळ नव्हती. तरी पुसली.

कार्बोरेटर खोलला. तळाला जुन्या पेट्रोलचा पिवळा चिकटा बसला होता. तो धुतला, जेट साफ केलं, हवेचा स्क्रू आत घेऊन दीड फेरा मागे सोडला. चौथ्या किकला गाडी बोलली. मला काही वाटलं नाही. हल्ली भूकसुद्धा दुसऱ्याच कुणाला तरी लागल्यासारखी वाटते.

गिऱ्हाइकाच्या गाडीचं शेवटी करतो तेच केलं. गाडी चालू ठेवून हँडल पार डावीकडे वळवलं.

रेस वाढली.

माझा हात रेसवर नव्हता. हँडल सरळ केलं, आवाज उतरला. वळवलं, पुन्हा चढला. वळताना रेसची केबल ताणली जात होती. तिला नखभर ढील लागते. मी ठेवलीच नव्हती.

अडीच महिन्यांपूर्वी, त्या सकाळी बायको बाजाराला जायला दारात पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, "पोरगं रेस पिळतं आणि गाडी विचार करून निघते. तुमच्यावरच गेलीय."

पोरगा हसला. "बाबा, जरा चटकन उचलेल असं करा ना."

मी पेट्रोलचं मिक्स्चर थोडं वाढवलं, केबल ताठ केली आणि म्हटलं, पळा आता. घरचीच गाडी, हँडल वळवून बघितलं नाही.

बाजारासमोर त्याने गाडी वळवली आणि गाडीने उडी घेतली. मागे बसलेली त्याची आई फुटपाथच्या कडेवर डोक्यावर पडली.

दवाखान्यात ती गेली तेव्हा मी त्याला एवढंच बोललो होतो, "तुला हात आवरता येत नाही?" थोरल्या लेकीने तर भावाशी बोलणंच सोडलं. पोराचं नि माझं बोलणं उरलं ते 'जेवलास का' एवढ्यापुरतं.

ढील द्यायला पाना आणि अर्धं मिनिट पुरलं असतं. कुणाला कळलं नसतं. पाना हातात घेऊन उभा राहिलो. देवाचं नाव घ्यायला गेलो, तेही पुढे सरकेना.

पाना ठेवला आणि वर हाक मारली.

पोरगा जिन्यावरूनच म्हणाला, "काय?"

"गाडीवर बस."

"नको."

"बस रे. चालवायची नाही. हात मांडीवर ठेव."

तो बसला. मी समोर उभं राहून हँडल वळवलं. इंजिन ओरडलं. तो मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

"तू रेस पिळली नव्हतीस," मी म्हणालो. "केबल मी ताठ केली. तपासली नाही."

"पुन्हा दाखवा."

दाखवलं.

"पुन्हा."

सात-आठ वेळा झालं. गिऱ्हाईक कधी दारात येऊन उभं राहिलं कळलं नाही. "गाडीत काही खोट आहे का हो?"

"गाडीत नाही," मी म्हणालो. "तुम्ही उद्या या."

ते गेले. पोराने स्वतःच चावी फिरवून गाडी बंद केली. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं.

"तुम्हाला आजच कळलं?"

"आत्ताच. तुला हाक मारायच्या जरा आधी."

तो गाडीवरून उतरला. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"ताईला तुम्ही सांगा. माझ्यासमोर."

हाताला ग्रीस होतं. ते पुसलं आणि नंबर लावला.