पुस्तकातला डावा हात

इलियासनं उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर ठेवला. अंगठा आणि करंगळी, मधली तिन्ही बोटं नव्हती. जालना रोडवरच्या त्या हॉटेलात एसी इतका होता की शिवलेली जागा ठणकायला लागली.

समोरच्या ऋतुराज साहेबांनी आधी हाताकडं पाहिलं, मग पुढ्यातल्या जाड पुस्तकाकडं, मग पुन्हा हाताकडं. साहेब पुण्याहून आले होते. ज्या परदेशी कंपनीसाठी वाळूजला गाड्यांचे पत्रे ठोकले जात, तिच्या मानवी हक्क विभागाचे. कंपनीत असाही विभाग असतो, हे इलियासला पुस्तकवाल्या मॅडमनीच सांगितलं होतं.

"यांचा उजवा हात आहे," साहेब म्हणाले. "पुस्तकात डावा आहे."

पुस्तक शेजारी बसलेल्या दीपमाला मॅडमचं. एका देशातली कंपनी दुसऱ्या देशात माणसं भरडते, तेव्हा जाब कुणी कुणाला विचारायचा, हे त्या विद्यापीठात शिकवत. पुस्तक पार जिनिव्हापर्यंत गाजलं, आणि त्याच्या मधोमध इलियास होता. वाळूजच्या शेडमधला पत्रा दाबायचा प्रेस, हात वाचवणारा गार्ड काढून चालवलेला, कारण गार्ड लावला की माल कमी निघतो. ठेकेदारानं त्याला उचलून खासगी दवाखान्यात नेलं आणि केसपेपरवर लिहवून घेतलं, घरी कडबाकुट्टीत हात गेला. इलियासच्या घरी ना म्हैस, ना कडबा. हजेरीवर त्याचं नाव नव्हतंच. शेडचा मालक म्हणाला, मी ह्याला ओळखत नाही. सोबतचे कामगार ठेका संपताच पांगले. बोटं मशीननं घेतली असं म्हणणारा जगात एकच कागद उरला होता, आणि तो मॅडमनी छापला होता. आज कंपनीनं त्याची तक्रार मान्य केली, तर भरपाई आणि गेटवर बसायचं काम मिळणार होतं. उजव्या हातानं जमत नाही म्हणून त्याच्या डाव्या बाहीचं बटण सकाळी अख्तरीनं लावून दिलं. नवऱ्याला तिनं तेवढंच विचारलं, "आज मानतील ना?"

मॅडमनी घसा साफ केला. "ओळख लपवण्यासाठी तपशील बदलावे लागतात. संशोधनाचा नियम आहे. नाव, गाव, हात. त्यांच्याच सुरक्षेसाठी."

"मान्य आहे," साहेब म्हणाले. "पण पुस्तकात आहे याह्या, चितेगाव, डावा हात. समोर आहेत इलियास, वाळूज, उजवा हात. मी मुख्यालयाला लिहू काय?"

याह्या नावाचा तर इलियासचा सख्खा साडू होता, दोन्ही हातांनी धडधाकट, शहागंजात चपला विकणारा. इलियासनं तेव्हाच म्हटलं होतं, मॅडम, माझंच नाव टाका, मला कुणाच्या बापाची भीती नाय. मॅडम हसल्या होत्या. किती धोका असतो ते तुम्हाला कळत नाही, इलियासभाई. खरंच कळलं नव्हतं त्याला. आता कळत होतं.

"माझा आवाज हाय ना भरलेला," तो म्हणाला. "मॅडमनी मोबाइलमधी घेतला व्हता. तो ऐका की."

मॅडम टेबलाकडं बघत राहिल्या. "पुस्तक छापल्यावर रेकॉर्डिंग पुसून टाकावं लागतं."

"ह्यो बी नियमच का?"

"हो."

साहेबांनी पुस्तक मिटलं. आवाज मऊ होता त्यांचा, आणि इलियासला आजवर मऊ आवाजाच्या माणसांनीच जास्त हेलपाटे घालायला लावले होते.

"एक मार्ग आहे. याह्या म्हणजे हेच, एवढं मॅडमनी सहीनिशी लिहून द्यावं. पण मग त्या साक्षीदार झाल्या. आमच्या सल्लागार समितीसाठी त्यांचं नाव पक्कं होत आलंय, ते काढावं लागेल. दोन्ही एकाच माणसाला करता येत नाहीत."

इलियासच्या छातीवरचा धोंडा उतरला. एक सही तर करायची. ह्या बाई त्याच्या घरी चटईवर बसून जेवल्या होत्या, हाच हात हातात घेऊन रडल्या होत्या. त्यांचा स्वतःचा हात तर चांगला शाबूत होता.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं.

"मला विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या. "समितीवर राहून अशा कितीतरी जणांसाठी..."

"सावकाश कळवा, मॅडम," साहेब म्हणाले. "तक्रार मात्र मला आज बंद करावी लागेल. मुदत संपतेय."

दोघं खाली रस्त्यावर आले. उन्हात मॅडमचा चेहरा उतरलेला दिसत होता. इलियासला त्यांची कीव आली नाही.

"पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकते मी," त्या म्हणाल्या. "खुलासा करते."

"टाका."

त्याच्या डाव्या बाहीचं बटण सुटलं होतं. ते लावायला मॅडम पुढं झाल्या, तसा त्यानं हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या. अख्तरी लावंल." मग त्यानं विचारलं, "मॅडम, त्या याह्याचं काय होतं वो शेवटी, पुस्तकात?"

"त्याला न्याय मिळालाच पाहिजे, असं लिहिलंय. शेवटचं अख्खं प्रकरण त्यावरच आहे."

"मंग बरंय त्याचं," इलियास म्हणाला, आणि उजवा हात खिशात घालून वाळूजच्या बसकडं निघाला.